प्लग लावणार कोण?

पोस्ट मोठी आहे. वरवर बघितलं तर महागड्या गाड्यांबद्दल आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना असली गाडी कधी घ्यायची नाही. तरीही वाचा, कारण हिशोब शेवटी आपल्याच खिशाशी येऊन थांबतो.

आधी एक सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. बंगले, सोसायट्या, कारखाने, सगळीकडे गाड्यांचे चार्जर बसवून देतो. जितक्या विजेच्या गाड्या येतील तितका माझा धंदा वाढणार. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

२०२५ च्या दसऱ्याच्या आधी शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. शिरोली एमआयडीसीत त्याची फाउंड्री आहे. वडिलांनी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतून सुरुवात केली, आता हा ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांसाठी ओतकाम करतो. शंभरावर माणसं कामाला आहेत.

“भावा, गाडी बदलायची म्हणतोय. प्लग-इन हायब्रीड घेऊ का फुल्ल इलेक्ट्रिक?”

बजेट विचारलं तर म्हणाला, दीड कोटी, फार तर थोडं वर. मी म्हटलं, मला काय विचारतोस, शोरूममध्ये विचार. तर म्हणाला, “शोरूमवाला त्याच्याकडं जी उभी हाय तीच चांगली म्हणणार. तू वायरवाला. तू खरं सांगशील.”

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या हायब्रीडला प्लग नसतो, ती चालता चालता स्वतःची छोटी बॅटरी भरते. प्लग-इन हायब्रीडला पेट्रोलचं पूर्ण इंजिन असतं आणि त्याशिवाय प्लग लावून चार्ज करायची मध्यम बॅटरी असते. रोज चार्ज केली तर गावातल्या गावात विजेवर चालते, लांब जायचं तर इंजिन आहेच. फुल्ल इलेक्ट्रिकला इंजिनच नाही, सगळी भिस्त मोठ्या बॅटरीवर.

ऐकायला प्लग-इन हायब्रीड म्हणजे दोन्ही हातात लाडू. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. माझं मत एका भिंतीवरच्या डब्यानं बदललं.

झालं असं. एका बंगल्यात मी अशाच एका परदेशी बनावटीच्या प्लग-इन हायब्रीडसाठी ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवून दिला होता. पॅनेलपासून वेगळी केबल, वेगळं अर्थिंग, आरसीसीबी, सगळं नीट. वर्षभरानं त्याच बंगल्यात इन्व्हर्टरच्या कामाला गेलो. पोर्चमध्ये सहज बघितलं, तर चार्जरच्या स्क्रीनवरचं प्लास्टिक अजून तसंच. गन हुकला लटकलेली, तिच्या टोपणात कोळ्यानं जाळं केलेलं. ड्रायव्हरमामांना विचारलं, मामा, चार्ज करत नाही का गाडी?

मामा हसले. “साहेब, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं हाय. टाकी फुल्ल केली की झालं. वायर लावली की घरचं बिल वाढतंय. आणि मी रात्री आठला गाडी लावून घरला जातोय. वायर लावायला मला कुणी सांगितलंच न्हाई.”

या तीन वाक्यांत सगळं आलं. मालकाला पेट्रोलचा खर्च दिसत नाही, कारण तो कंपनीच्या खात्यात पडतो. विजेचा दिसतो, कारण बिल घरी येतं. आणि ज्याच्या हातात गाडी आहे त्याला प्लग लावून काहीच मिळत नाही. मग ती गाडी काय झाली? एक जड पेट्रोल गाडी. डिकीखाली दीड-दोनशे किलोची न भरलेली बॅटरी घेऊन गावभर हिंडणारी.

मला वाटलं, हा आपल्याकडचा आळस असेल. तसं नाही. मित्राची मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “काका, इथंही तेच चालतं. कंपनीची गाडी, कंपनीचं फ्युएल कार्ड, कोण प्लग लावत बसतंय.” आणि युरोपात हे मोजलेलं आहे. तिथल्या नव्या गाड्यांत इंधन किती जळलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली. त्या नोंदींवरून युरोपियन आयोगानं २०२४ मध्ये अहवाल काढला, की प्लग-इन हायब्रीड प्रत्यक्ष रस्त्यावर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट कार्बन सोडतात. त्याआधी २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, की खाजगी मालक निम्म्याच्या आसपास अंतर विजेवर चालवतात, तर कंपनीच्या गाड्या जेमतेम ११ ते १५ टक्के. म्हणजे आमच्या मामांनी सांगितलेलंच, फक्त आकड्यांत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बीएमडब्ल्यूची एक्सएम ही प्लग-इन हायब्रीड भारतात २ कोटी ६० लाखांना आली. ४.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, वजन पावणेतीन टनांच्या घरात. आणि युरोपियन चाचणीतला अधिकृत खप १०० किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास! म्हणजे लिटरला ६० किलोमीटरच्या वर. मोटारसायकलला लाजवणारा आकडा. यात कुणी खोटं बोललेलं नाही. चाचणीचा नियमच तसा आहे, गाडी रोज चार्ज होते असं धरून चालणारा. त्यात बॅटरीवरचे किलोमीटर मोजले जातात आणि पेट्रोल उरलेल्याच अंतराचं. युरोपनं २०२५ पासून हे गृहीतक कडक केलं, कारण नोंदी हातात आल्या.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझी गोष्ट वेगळी, मी चार्ज करीन. मी म्हटलं, तू करशील रे, पण तुझा ड्रायव्हर? तो गप्प बसला. मग त्यानं खरी अडचण काढली, आणि ती कोल्हापूरच्या माणसाला लगेच पटणारी आहे.

“महापुरात काय करायचं?”

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण कुणी विसरलेलो नाही. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुणे-बंगळूर रस्ता बंद, कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नाही. विजेची गाडी अशा वेळी शोभेची वस्तू. पेट्रोल असलं की निदान हलता येतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला आठवण करून दिली, की त्याच पुरात टँकर पोहोचेनात म्हणून पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवलं होतं, पंपावरून माणसं रिकाम्या हातानं परत येत होती. पूर आला की दोन्ही गाड्या सारख्याच. उलट फाउंड्रीच्या छतावर त्याचं सोलर आहे. योग्य इन्व्हर्टर आणि बॅकअप बसवला तर महावितरणची लाइन नसतानाही दिवसा थोडं चार्जिंग होऊ शकतं. छतावर पेट्रोल मात्र काढता येत नाही.

दुसरी भीती अंतराची. कोल्हापूर-पुणे २३०-२४० किलोमीटर, मुंबई ३८० च्या आसपास. मर्सिडीजनं २०२२ मध्ये चाकणला जुळणी केलेली ईक्यूएस आणली तेव्हा एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटरचा दावा होता. दावा कागदावरचा. एसी, खंबाटकी, स्पीड, सगळं धरून त्यातला तिसरा हिस्सा सोडून द्या, तरी मुंबई एका दमात गाठता येते. दिवसाला ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला तर आठवड्यातून एकदा चार्ज केलं तरी पुरतं.

मग बसलो त्याच्या सीएकडे, कर बघायला. आणि तिथं माझे डोळे उघडले. हा भाग नीट वाचा.

दोन्ही गाड्यांची करापूर्वीची किंमत समजा १ कोटी. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीच्या नव्या दरांप्रमाणे मोठ्या प्लग-इन हायब्रीडला ४० टक्के, म्हणजे ४० लाख. (आधी उपकर धरून ४३ टक्के होता.) इलेक्ट्रिकला ५ टक्के, म्हणजे ५ लाख. मग राज्याचा मोटार वाहन कर. हायब्रीडला पेट्रोल गाडीसारखाच, २० लाखांच्या वर १३ टक्के, म्हणजे १ कोटी ४० लाखांवर १८ लाखांच्या पुढं. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. आणि इलेक्ट्रिकला? शून्य. स्वतःच्या नावावर घेतली तरी एकूण फरक ५३ लाखांचा. शिवाय कंपनीच्या नावावर असेल तर इलेक्ट्रिकवर वर्षाला ४० टक्के घसारा, हायब्रीडवर १५ टक्के. वरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये, अटल सेतूचा २५०. (आपल्या किणी-तासवडेला मात्र टोल द्यावाच लागतो, ते रस्ते केंद्राचे.)

सीए म्हणाले, “शेठ, यात विचार करण्यासारखं काय आहे?” खरंच नव्हतं. मित्राचा प्रश्न तिथं संपला.

माझा तिथं सुरू झाला.

माझी स्वतःची गाडी छोटी, पेट्रोलची. ६ लाखांची. घेताना ११ टक्के मोटार वाहन कर भरला, ६६ हजार. कर्ज काढून भरला. त्याच दिवशी, त्याच आरटीओत, १ कोटी ५ लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीला भरावे लागतात शून्य रुपये. मास्तर, रिक्षावाल्याचा पोरगा, दूध संस्थेतला सेक्रेटरी, जो कुणी पहिली छोटी गाडी घेतो तो कर भरतो. आणि ज्याला तो सहज परवडतो त्याला माफ. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

उत्तर ठरलेलं: पर्यावरण. ठीक आहे, पर्यावरणाचा हिशोब करू. मी वायरवाला आहे, युनिट मोजणं माझं काम.

मोठी इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण २० युनिट खाते. चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून २२ युनिट निघतात. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावरची. सगळी वीज एकत्र धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १५ किलो. आता माझी छोटी गाडी. लिटरला १८ देते. १०० किलोमीटरला साडेपाच लिटर, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १३ किलोच्या आत. खाण आणि रिफायनरीचा खर्च दोन्हीकडं धरलेला नाही, तो धरला तर आकडे थोडे हलतील. पण ढोबळमानानं, मित्राची अडीच टनाची विजेची गाडी आणि माझी छोटी पेट्रोल गाडी एकाच पंगतीला बसतात. एकाला करमाफी, दुसऱ्याला ६६ हजारांची पावती.

चुकीचा अर्थ काढू नका. त्याच आकाराची पेट्रोल गाडी घेतली असती तर लिटरला ९-१० देऊन १०० किलोमीटरला २५ किलोच्या आसपास कार्बन सोडला असता. प्लग न लावलेली हायब्रीडही तिथंच. त्यामुळं ज्याला मोठीच गाडी घ्यायची आहे त्यानं इलेक्ट्रिक घेतलेली केव्हाही बरी. गावातल्या हवेतला धूरही कमी. आणि सोलरवर चार्ज केली तर हिशोब आणखी पालटतो. जसजशी वीज स्वच्छ होईल तसतशी जुनी इलेक्ट्रिक गाडीसुद्धा आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडीचं असं होत नाही. हे सगळं मला मान्य आहे.

माझा मुद्दा एवढाच, की सवलत वस्तूला मिळते, वापराला मिळत नाही. हायब्रीड स्वच्छ की घाण हे ठरतं प्लग लावणाऱ्या हातावर. इलेक्ट्रिक स्वच्छ की घाण हे ठरतं वीज कुठून आली आणि गाडी किती जड आहे यावर. आपला कर यातलं काहीच विचारत नाही. तो फक्त विचारतो, इंजिन आहे का? नाही? मग जा, माफ.

इंजिन बघून कर लावायचा तर कुठलं राज्य काय ठरवील याचाही नेम नाही. उत्तर प्रदेशनं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीड आणि प्लग-इन हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात त्याच गाडीला पूर्ण कर. एकच गाडी, एकच धूर. तिथं ती पर्यावरणपूरक, इथं चैनीची.

बरं, आपल्या सरकारच्या हे लक्षात आलं नव्हतं असंही नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. स्वस्त आणि मध्यम गाड्यांना हात लावलेला नव्हता. पेट्रोलवाल्याला १३, इलेक्ट्रिकवाल्याला ६, म्हणजे तरीही निम्म्याहून कमी. माझ्या मित्राच्या गाडीवर ६ लाख ३० हजार झाले असते. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत जाहीर केलं, की हा कर लावणार नाही. एप्रिलमध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण आलं, ऑगस्टमध्ये टोलमाफी सुरू झाली.

त्याच वर्षीच्या जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं होतं. ते मागं घेतलं गेलं नाही.

विजेवरच्या एसटीलाही टोलमाफी आहे, हे चांगलंच झालं. पण आपल्या आगारातून सुटणाऱ्या बहुतेक गाड्या अजून डिझेलच्याच आहेत. एक भरलेली एसटी ४०-४५ माणसं नेते. माणशी धूर काढला तर ती डिझेलची लालपरी माझ्या मित्राच्या एकट्यादुकट्याच्या इलेक्ट्रिकपेक्षा स्वच्छ ठरते. तिच्यातल्या माणसाला कोण माफी देतंय?

दुसरी बाजू मला माहीत आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. इतक्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्या राज्यात विकल्या जातात किती? त्यातून तिजोरीत फार पडणार नाही, आणि उगाच संदेश चुकीचा जाईल. शिवाय असा कर लावला की लोक दुसऱ्या राज्याचा पासिंग नंबर घेऊन गाडी इथं चालवतात, ते आपण रोज बघतोच. आणि श्रीमंतांनी आधी घेतल्या म्हणूनच चार्जर उभे राहतात, मग मागून आपल्यासारख्यांना सोय होते. हे शेवटचं तर मी स्वतःच्या धंद्यात अनुभवलं आहे. पहिले सगळे चार्जर बंगल्यांतच बसले, सोसायट्यांतून आता कुठं फोन यायला लागलेत.

पण जी राष्ट्रं या वाटेवर आपल्या पुढं गेलीत ती काय करतात बघा. नव्या गाड्यांत इलेक्ट्रिकचं प्रमाण नॉर्वेइतकं जगात कुठंच नाही, दहातल्या नऊच्या वर. त्यांनी वर्षानुवर्षं व्हॅट पूर्ण माफ ठेवला. पण २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर २५ टक्के व्हॅट सुरू केला. गाडीवर नाही, वरच्या रकमेवर. साधी घ्या, माफ. चैनीची घ्या, चैनीचा भाग भरा. जर्मनीनं सबसिडी दिली तेव्हा ६५ हजार युरोच्या वरच्या गाडीला दिलीच नाही, आणि प्लग-इन हायब्रीडची सबसिडी २०२२ च्या अखेरीस बंद केली. नॉर्वेत त्या करानं इलेक्ट्रिक गाड्या थांबल्या का? नाही थांबल्या. मग आपल्याकडं ६ टक्क्यांनी कसा काय चुकीचा संदेश गेला असता?

मित्रानं शेवटी इलेक्ट्रिक घेतली. चार्जर मीच बसवला, पण बंगल्यात नाही, फाउंड्रीत. सोलरच्या पॅनेलजवळ, ११ किलोवॅटचा, थ्री-फेज. दिवसा गाडी तिथंच उभी असते, तेव्हा छतावरचं ऊन थेट गाडीत जातं. आणि बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: गाडी उभी केली की प्लग लावा. ड्रायव्हरमामांना तसा पर्यायही नाही, न लावला तर गाडी घरी जायची नाही. हायब्रीड आणि इलेक्ट्रिकमधला माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक हाच. एकीत चांगलं वागणं ऐच्छिक आहे, दुसरीत सक्तीचं.

गाडीची पूजा झाली. पेढे वाटले. कामगार बाहेर येऊन गाडीभोवती जमले. त्यात एक मोल्डर होते, मित्राच्या वडिलांपासून कामाला असलेले. हातावर भट्टीचे डाग. ते पुढच्या बाजूला गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, “इंजिन कुठं हाय?”

कुणीतरी म्हणालं, मामा, इंजिनच नसतंय हिला.

ते थोडा वेळ बघत राहिले. आतला ब्लॉक नाही, हेड नाही, मॅनिफोल्ड नाही. आयुष्यभर जे ओतलं त्यातलं काहीच नाही. मग हसत हसत, पण मित्राकडं बघत म्हणाले, “मालक, तुम्ही तर आपलंच गिऱ्हाईक तोडलासा की.”

सगळे हसले. मित्रही हसला. संध्याकाळी मला म्हणाला, “मी हायब्रीड का म्हणत होतो ठाऊक हाय? तिच्यात इंजिन हाय. वाटायचं, निदान आपलं काहीतरी तिच्यात राहील.” पुराचं, अंतराचं, ते सगळं वरवरचं होतं. खरं कारण हे होतं आणि त्यानं ते सीएसमोर काढलं नव्हतं.

मला सुचेल तेवढं बोललो. ट्रॅक्टर आणि ट्रक इतक्यात विजेवर जात नाहीत, ब्रेकचे भाग, हाऊसिंग, पंप, व्हॉल्व्ह, यांचं ओतकाम राहीलच, मोटारीच्या हाऊसिंगला अ‍ॅल्युमिनियम शिकावं लागेल. तो म्हणाला, शिकू की. पण मशिनरी बदलायला पैसा लागतो, आणि त्या मोल्डरमामांना या वयात कोण शिकवणार?

आता मला सांगा. इलेक्ट्रिककडं जायचंच असेल, आणि जायला हवंच, तर त्या वाटेवर कुणाकुणाला धक्का बसणार हे दिसतंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले, सगळीकडं इंजिनावर जगणारी घरं आहेत. ज्याची गाडी बदलली त्याला राज्यानं १३-१४ लाखांचा मोटार वाहन कर सोडला. ज्याचं काम बदलणार आहे त्याला काय दिलं?

म्हणून माझ्या तीन मागण्या. राजकारण न आणता वाचा.

एक, स्वस्त आणि मध्यम इलेक्ट्रिक गाड्यांना करमाफी राहू द्या, पण ३० लाखांच्या वरच्या रकमेवर कर लावा. पूर्ण गाडीवर नको, नॉर्वेसारखा वरच्या भागावर. येणारी रक्कम थोडी असली तरी ती वेगळ्या खात्यात ठेवा आणि दोनच कामांना वापरा: विजेवरची एसटी आणि फाउंड्री-मशीन शॉपच्या कामगारांचं नवं प्रशिक्षण.

दोन, उद्या कुणी प्लग-इन हायब्रीडला सवलत मागायला आलं, आणि येतील, तर लेबल बघून देऊ नका. गाडीच्या संगणकात नोंद असते, किती किलोमीटर विजेवर आणि किती पेट्रोलवर. दरवर्षी पीयूसी काढताना ती नोंद घ्या. ज्यानं प्लग लावला त्याला सवलत, ज्यानं कोळ्याला जाळं विणू दिलं त्यानं पूर्ण कर भरावा.

तीन, छोटी गाडी घेणाऱ्याचा कर कमी करा. ६ लाखांच्या गाडीला ६६ हजार आणि कोटीच्या गाडीला शून्य, हे कुठल्याही पर्यावरणाच्या नावाखाली पटण्यासारखं नाही.

मित्रानं ही पोस्ट टाकायच्या आधी वाचली आहे. म्हणाला, “टाक. मला ६ टक्के मागितले असते तर मी भरले असते. कुणी मागितलेच न्हाईत.”

आपल्या आमदारांना, खासदारांना टॅग करायचं काम तुमचं. मत वेगळं असेल तर जरूर मांडा, पण आकडे घेऊन या. आणि तुमच्या पोर्चमध्ये चार्जर असेल तर आज जाऊन एकदा बघून या, स्क्रीनवरचं प्लास्टिक काढलंय का ते.